असून, सबब आणि म्हणून

आमच्या घरी सागवानी पेटीत जपून ठेवलेल्या जुन्या दस्तऐवजांत एक खरेदीखत आहे. कागद पिवळा पडून घड्यांवर विरला आहे, मोडी अक्षर मात्र अजून काळेभोर आहे, आणि पहिल्या ओळीपासून साक्षीदारांच्या निशाण्यांपर्यंत त्यात एकही पूर्णविराम नाही. मी शाळकरी वयाचा असताना वडिलांनी ते मला एका बैठकीत वाचून दाखवले, आणि वाचता वाचता मलाच धाप लागल्यासारखे होऊन मी विचारले की, यात श्वास कुठे घ्यायचा. त्यांनी कागदावरच्या ‘असून’ या अक्षरांवर बोट ठेवले आणि म्हणाले, “इथे श्वास घ्यायचा, आणि ‘सबब’ आलं की कान द्यायचे.”

पुढे उभा जन्म मुलांना मराठी शिकवण्यात गेला, व्याकरणाची पुस्तके वाचली, परंतु वाक्ये एकमेकांत कशी गुंफावीत या विषयाचा मला मिळालेला पहिला आणि कदाचित सर्वांत उपयुक्त पाठ तो होता. त्या खतातील मजकूर अशा खतांत असतो तसाच होता: ‘कारणे लिहून देतो की, मौजे मजकूर येथील जिराईत शेत आमचे वडिलोपार्जित मालकीचे व वहिवाटीचे असून, त्यावर कोणाचाही बोजा नसून, आम्हांस कर्जफेडीकरिता रकमेची निकड पडल्यामुळे सदरहू शेत तुम्हांस कायम खरेदी देऊन कब्जा आजरोजी दिला असे, सबब सदरहू शेतावर आमचा वा आमच्या वारसांचा कोणताही हक्क राहिला नाही.’ आजच्या एखाद्या संपादकाने यावर तांबडी शाई चालवून पाच-सहा लहान वाक्ये केली असती. पण मग जमीन कोणाची होती, ती का विकली आणि आता कोणाची झाली, ही तीन विधाने सारख्याच वजनाची होऊन एका रांगेत उभी राहिली असती. खत लिहिणाऱ्या कारकुनाला तसे नको होते. मालकी ही भूमिका, म्हणून ती ‘असून’ने मागे ठेवली; निकड हे कारण, म्हणून ते ‘पडल्यामुळे’च्या आधाराने दिले; कब्जा देणे ही मुख्य क्रिया, म्हणून तिला पूर्ण क्रियापद दिले; आणि हक्कनिवृत्ती हा परिणाम, म्हणून त्याच्या दाराशी ‘सबब’ उभा केला. एकाही शब्दाची जागा बेहिशेबी नाही.

विरामचिन्हे ही मराठीत इंग्रजी मुद्रणाबरोबर आली आणि ती रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांच्याकडे जाते, हे आपण जाणतोच. त्यापूर्वीचे मराठी गद्य चिन्हांवाचून शेकडो वर्षे निर्वेध चालले होते, याचा अर्थ वाक्ये तोडण्याजोडण्याचे सर्व काम शब्दच करीत होते. आणि त्यातही विशेष असा की, हे काम करणारा शब्द मराठीत बहुधा वाक्याच्या आरंभी नसतो, तो क्रियापदाच्या शेपटीला असतो. करून, करता, करताना, केल्यावर, केल्यास, केल्यामुळे, केल्याशिवाय, करण्यासाठी, करूनही: एका ‘कर’ धातूला किती सांधे फुटले आहेत ते पाहावे. आपल्या वऱ्हाडातले सुतार बैलगाडीचा आरा तुंब्यात बसवताना बाहेरून खिळा न मारता लाकडालाच कूस काढून बसवतात. मराठीचा सांधाही असाच आतून बसतो.

शाळेत शिकवले जाते ते असे. एकच उद्देश्य आणि एकच विधेय असेल ते केवल वाक्य. एक मुख्य आणि त्यावर अवलंबून असलेले एक वा अनेक गौण मिळून होते ते मिश्र. दोन वा अधिक स्वतंत्र वाक्ये प्रधानत्वसूचक अव्ययांनी जोडली की ते संयुक्त. प्रधानत्वसूचकांत समुच्चय, विकल्प, न्यूनत्व आणि परिणाम, आणि गौणत्वसूचकांत स्वरूप, उद्देश, कारण आणि संकेत, असे चार-चार पोटभेद पाठ केले की परीक्षेचे काम भागते. ही मांडणी निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले तेव्हापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत ज्या विद्वानांनी यावर परिश्रम केले त्यांचे ऋण आपल्यावर आहेच. पण या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाची छाया आहे, आणि तिचा एक परिणाम मला वर्गात वर्षानुवर्षे खटकत आला.

‘पाऊस पडला आणि आम्ही पेरणी केली’ हे संयुक्त. ‘जेव्हा पाऊस पडला तेव्हा आम्ही पेरणी केली’ हे मिश्र. आणि ‘पाऊस पडल्यावर आम्ही पेरणी केली’ हे, त्यात एकच पूर्ण क्रियापद असल्यामुळे, केवल. म्हणजे मराठी माणूस ज्या रचनेने दिवसभर बोलतो, ज्या रचनेत एक घटना दुसरीच्या स्वाधीन करण्याची सर्व कला सामावली आहे, तीच रचना सर्वांत साध्या खान्यात टाकली जाते आणि मुलाची समजूत होते की, गौणत्व शिकायचे तर ‘जेव्हा-तेव्हा’ आणि ‘जरी-तरी’ यांच्याशीच झुंजले पाहिजे. वास्तविक ‘पडल्यावर’ आणि ‘पडताच’ यांतला फरक आमच्या भागातल्या शेतकऱ्याला कोणी व्याकरणातून शिकवावा लागत नाही. मृगाचा पहिला पाऊस पडताच ज्याने सरकी टोबली आणि पुढे पंधरवडाभर आभाळ कोरडे राहिले, त्याच्या नशिबी दुबार पेरणी आली. आणि कृषिखात्याचा ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये हा जो दरसालचा सल्ला असतो, त्याचा सारा प्राण त्या ‘झाल्याशिवाय’मध्ये आहे.

या शेपटीच्या सांध्यांना त्यांचे नियमही आहेत, आणि ते कडक आहेत. ‘ऊन’ने जोडलेल्या दोन क्रियांचा कर्ता सामान्यतः एकच असावा लागतो. ‘मी घरी जाऊन जेवलो’ हे चालते, कारण जाणारा आणि जेवणारा मीच. ‘बसमधून उतरून पाऊस सुरू झाला’ हे चालत नाही, कारण मग पाऊसच बसमधून उतरल्यासारखे होते. तिथे ‘उतरल्यावर’ किंवा ‘उतरत असता’ हवे. वर्तमानपत्रांतून आणि अहवालांतून हा दोष हल्ली फार आढळतो, आणि तो घाईचा दोष आहे. वाक्य आरंभताना मनात एक कर्ता असतो, संपवताना दुसराच बसलेला असतो.

नकाराचे तर आणखी सूक्ष्म. ‘तो दारू पिऊन गाडी चालवत नाही’ या वाक्यातला ‘नाही’ पुढून मागे जातो आणि दोन्ही क्रियांच्या एकत्र येण्याला अडवतो. तो पितही असेल, चालवतही असेल, पण पिऊन चालवत नाही. तेच ‘तो दारू पितो आणि गाडी चालवत नाही’ असे केले की ‘नाही’ फक्त दुसऱ्या खोलीत राहतो आणि बिचाऱ्याच्या व्यसनावर शिक्कामोर्तब होते. आज्ञेचेही तसेच: ‘वावरात जाऊन बैल सोड’ ही एकच आज्ञा आहे, दोन नव्हेत. अशा ‘ऊन’ने जोडलेल्या गौण क्रियेला बहुधा स्वतःचा नकार नाही, स्वतःची आज्ञा नाही, स्वतःचा काळही नाही. हे सारे ती मुख्य क्रियापदाकडून उसने घेते. गौणत्व म्हणजे कमी महत्त्व असे जे समजले जाते ते अपुरे आहे. गौणत्व म्हणजे अवलंबन.

आता ‘म्हणून’कडे वळतो, कारण मराठीच्या सर्व सांध्यांत मला हा अधिक मोलाचा वाटतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या इतिहासातला एक प्रसंग घेतो. वणीचे सुपुत्र लोकनायक माधव श्रीहरी अणे यांनी १९३० च्या जुलै महिन्यात पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून जंगल सत्याग्रह केला, आणि त्यांना अटक झाली. ‘अण्यांनी गवत कापले आणि त्यांना अटक झाली’ असे लिहिले तर ती बखर झाली. दोन घटना क्रमाने नोंदल्या, संबंध वाचकावर सोपवला. ‘अण्यांनी गवत कापले म्हणून त्यांना अटक झाली’ हे सरकारी तक्त्यातले वाक्य झाले. कायदा मोडला, परिणाम झाला. आणि ‘अटक व्हावी म्हणून अण्यांनी गवत कापले’ हे सत्याग्रह्याचे वाक्य आहे. घटना त्याच, माणूस तोच, गवतही तेच. पण ‘म्हणून’ एकदा परिणामबोधक आणि एकदा उद्देशबोधक झाल्याबरोबर तुरुंग हा शिक्षेच्या जागेवरून उठून साध्याच्या जागेवर जाऊन बसतो. संयुक्त वाक्यातून मिश्र वाक्यात जाताना केवढे अंतर तोडले जाते, हे दाखवायला यापेक्षा चांगले उदाहरण मला आजवर सापडलेले नाही.

पण हे ‘म्हणून’ मुळात अव्यय नव्हेच. ते ‘म्हणणे’ या धातूचे ‘ऊन’ लागलेले रूप, म्हणजे ‘असे म्हणत’, ‘असे बोलून’. अटक व्हावी, असे मनाशी म्हणून, अण्यांनी गवत कापले. बोलण्याचे क्रियापद झिजत झिजत सांधा बनले. त्याचे बोलणे संपले आणि जोडणे उरले. हीच गोष्ट तेलुगूत ‘अनि’ या शब्दाची आणि कन्नडात ‘एंदु’ची झाली, तेही मूळचे ‘म्हणून’च आहेत, आणि तेही उद्धृत वाक्याच्या शेवटी येऊन त्याला पुढच्या क्रियापदाशी बांधतात. यवतमाळ जिल्ह्यात बसून हे लिहिताना या साम्याकडे काणाडोळा करता येत नाही. पैनगंगा ओलांडली की तेलुगूचा मुलूख सुरू होतो. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी या बाजूला गोंडी बोलणारी गावे आणि कोलामांचे पोड आहेत. गोंडी आणि कोलामी या दोन्ही द्राविड कुळातल्या, आणि कोलामीचे तर मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५५ साली स्वतंत्र व्याकरण प्रसिद्ध केले. बाजाराच्या दिवशी एकाच चिंचेखाली या भाषा बोलणारी माणसे मराठीत व्यवहार करतात. कोणी कोणाकडून काय घेतले याचा निवाडा विद्वानांनी करावा. पण क्रियापदाला शेपटी लावून वाक्यामागून वाक्य ओवत जाण्याची जी आपली तऱ्हा आहे, ती दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांशी आपले किती जुने घरोब्याचे नाते आहे हे सांगते, याविषयी मला शंका नाही.

दुसरा शेजार उत्तरेचा आणि दरबाराचा. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ यातला वाक्यारंभीचा ‘की’ फार्सीच्या सहवासात रुळला. ‘व’ हा अरबी शब्द फार्सीच्या मार्गाने आला. ‘सबब’ तर उघडच दफ्तरातला. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले त्याआधी येथे निजामाचा अंमल होता, आणि महसुली दफ्तराची ती भाषा येथल्या खतपत्रांत खोल मुरली. संस्कृताने परंतु, किंवा, अथवा दिले. त्यामुळे मराठी लेखकाच्या हाताशी एकाच कामाला दोन-दोन हत्यारे आहेत. ‘मी उद्या येतो, असे तो म्हणाला’ आणि ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ ही दोन्ही शुद्ध. पहिल्यात बोलणे आधी ऐकू येते, दुसऱ्यात बोलणारा आधी दिसतो. ‘जो शेतकरी काल आला तो’ आणि ‘काल आलेला शेतकरी’ यांचेही तसेच. आणि आमच्या बोलीतले ‘येतो म्हनून सांगून गेला’ हे वाक्य कोणी म्हटले की, गेलेला अद्याप आलेला नाही, हे ऐकणाऱ्याला न सांगता कळते.

या श्रीमंतीचा आपण उपयोग कमी करत चाललो आहोत, याचे मला दुःख होते. इंग्रजीतून घाईने उतरवलेल्या मजकुरात ‘जो की’, ‘जे की’ यांची भर पडते आहे: ‘इंजिन, जे की मँचेस्टर येथे बनवले होते, यवतमाळ मार्गावर चालत असे.’ मराठीला या ‘जे की’ची गरज नाही. ‘१९२१ साली मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत शकुंतला गाडी ओढत यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर धावत होते’ असे लिहिता येते. ‘घडलेले’ या एका शब्दात ते आख्खे गौण वाक्य मावते, आणि वाचकाची नजर इंजिनाच्या जन्मस्थानावर न रेंगाळता त्याच्या त्र्याहत्तर वर्षांच्या वयावर जाते. लेखकाला उलट हवे असेल, आपला कापूस वाहून नेण्याकरिता घातलेल्या रुळांवर कापडगिरण्यांच्या गावचेच इंजिन आले हे ठसवायचे असेल, तर त्याने म्हणावे: ‘१९९४ पर्यंत या मार्गावर जे वाफेचे इंजिन धावत होते ते घडले होते मँचेस्टरला.’ माहिती तीच. पण शेवटची जागा ज्याला मिळाली तो मुख्य झाला. ‘पीक चांगलं आलं पण भाव पडला’ म्हणणारा आणि ‘भाव पडला पण पीक चांगलं आलं’ म्हणणारा हे दोघे एकाच काट्यावर कापूस मोजून परतले असले, तरी घरी गेल्यावर त्यांच्या बायका त्यांच्या तोंडाकडे पाहून काय समजतील ते एकसारखे नसेल.

निवृत्तीनंतर लोक माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येऊ लागले. रेशनकार्ड, फेरफार, पीकविमा, शिष्यवृत्ती, असे नाना अर्ज. त्यांतला एक मी विसरू शकत नाही. शेतकऱ्याने आत्महत्या केली असता त्याच्या वारसाला शासन मदत देते, पण त्याआधी प्रकरण पात्र की अपात्र हे ठरते, आणि ते ठरवताना अधिकृत संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज, नापिकीमुळे त्याची परतफेड न होणे आणि वसुलीचा तगादा, या बाबी पाहिल्या जातात. म्हणजे नुसत्या घटना पुरत नाहीत, त्यांच्यामधला सांधा सिद्ध करावा लागतो. एक बाई आपल्या पुतण्याला घेऊन आली. तिचा आधीचा अर्ज कोणीतरी लिहून दिला होता तो असा: ‘आमच्यावर बँकेचे कर्ज होते. त्या वर्षी नापिकी झाली. वसुलीची नोटीस आली. माझ्या पतीने विष घेतले.’ चार केवल वाक्ये, चारही खरी, आणि एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. कार्यालयातून तिला तोंडी सांगितले गेले होते की, कारण स्पष्ट होत नाही.

मी नवा कागद घेतला आणि सावकाश लिहिले: ‘बँकेचे पीककर्ज घेऊन लावलेली कपाशी पावसाच्या खंडामुळे हातची गेल्यानंतर, कर्जाची परतफेड करणे अशक्य होऊन वसुलीची नोटीस आल्यावर, माझ्या पतीने विषप्राशन केले.’ व्याकरणदृष्ट्या त्यात उणे काढण्याजोगे काही नव्हते. मी ते तिला वाचून दाखवले. ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत ऐकत होती. ‘गेल्यानंतर’, ‘आल्यावर’ ही अक्षरे आली तशी तिने मान हलवली.

“असं एकामांगं एक नाही झालं जी गुरुजी,” ती म्हणाली. “सप्पा एकाच टायमाले झालं. तिकडे बोंडं गळून रायली होती, अन् इकडे नोटीस.”

मी ‘गेल्यानंतर’ खोडले. ‘आल्यावर’ही खोडले. आणि त्यांच्या जागी लिहिले: ‘कपाशी डोळ्यांदेखत हातची जात असतानाच वसुलीची नोटीस येऊन’. तिला ते पुन्हा वाचून दाखवले. ती काही वेळ गप्प राहिली, मग पुतण्याला म्हणाली, “आता आंगठ्याची शाई काढ.”